भैयाजींची पहिली निवड

एमआरआयच्या बोगद्यातून बाहेर आलेला माणूस आधी चपला शोधत नाही, आधी भैयाजींचं तोंड बघतो. त्या तोंडावर काहीही लिहिलेलं नसतं.

रामदासपेठेतल्या एका तपासणी केंद्रात भैयाजी ठवकर एकतीस वर्षं मशीन चालवत होते. आधी एक्स-रेचं, मग सीटीचं, आता एमआरआयचं. एवढ्या वर्षांत त्यांना सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच, "काय दिसलं?" आणि त्यांचं उत्तरही एकच, "रिपोर्ट डॉक्टर मॅडम सांगतील." हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका कोरा होई की खुद्द त्यांच्या बायकोच्या, रंभाबाईंच्या मानेचा फोटो काढला तेव्हा त्याही घाबरून गेल्या. मानेत काहीही नव्हतं. पण भैयाजींनी ते घरी गेल्यावरसुद्धा सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात आल्यावरच सांगितलं. रंभाबाई पुढे दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आणि फुटबॉलचा विषय निघाला की याच माणसाच्या तोंडात तीळ भिजत नसे.

केंद्रातल्या पाच जणांची एक लीग होती. तीन वर्षांपूर्वी दुर्गेशने ती सुरू केली. दुर्गेश म्हणजे भैयाजींच्या हाताखालचा टेक्निशियन, वय सत्तावीस, मोबाइलमध्ये सगळ्या जगाची आकडेवारी भरून ठेवणारा. आधी ते परदेशातल्या सामन्यांवर टीम लावत. पण ते सामने माणसं झोपल्यावर होत, आणि खेळाडूंची नावं सिंधूताईंच्या जिभेवर बसेनात. मग कामठीच्या मैदानावर दर रविवारी होणारा कन्हान चषक त्यांनी धरला. मुलींचे आठ संघ, सात रविवार, सगळे सामने दिवसाउजेडी. स्पर्धेआधीच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ड्राफ्ट व्हायचा. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरायचा, मग ज्याने त्याने आळीपाळीने एकेक खेळाडू निवडायची, प्रत्येकी पाच. एकदा एकाने घेतलेली मुलगी दुसऱ्याला मिळत नसे. तिने मैदानात गोल केला की तुम्हाला चार गुण, गोलचा पास दिला की तीन. भूमिका, म्हणजे रिपोर्टच्या काउंटरवरची मुलगी, कामठीचीच. ती दर रविवारी मैदानावर वही घेऊन बसे आणि सोमवारी गुण सांगे.

जिंकणाऱ्याचं नाव एका जुन्या फिल्मवर लिहून, फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवर लावत. वर्षभर ते नाव चहाच्या खोलीत उजळलेलं असे. हरणाऱ्याने वर्षभर दर शनिवारी घरून सगळ्यांसाठी तर्री-पोहे आणायचे. पेटीवर दोनदा दुर्गेश आणि एकदा सिंधूताई उजळल्या होत्या. पोहे मात्र तिन्ही वर्षं रंभाबाईंनीच केले होते.

"यंदा हरले तं तुमीच पोहे भिजवाचे, तुमीच तर्री कराची," रंभाबाईंनी बजावून ठेवलं होतं. "अन् तुमच्या हातची तर्री खाऊन कोणी आजारी पडलं तं त्याचा फोटोही तुमीच काढाचा."

खरं म्हणजे पाच जणांत फुटबॉल कळणारा माणूस एकटे भैयाजीच. देवाजी लिफ्टवाले ज्या मुलीचा फोटो बॅनरवर मोठा, ती घ्यायचे. सिंधूताई सफाईचं काम बघत, त्यांचा हिशेब माहेरावर. कुही तालुक्यातली पोरगी दिसली की पाय लाकडाचे असले तरी त्यांना ती हवी. भैयाजी मात्र सराव बघायला शेअर ऑटोने कामठीला जात, मैदानाच्या कडेला तासन्‌तास बसत. त्यांनी खेळाडूंचे दोन वर्ग केले होते. काही फोटोतल्या आणि काही मैदानातल्या. फोटोतल्यांचं नाव जास्त, काम कमी. मैदानातल्यांचं काम दिसायला डोळा लागतो. ड्राफ्टची सगळी कला एवढीच, ते म्हणत, की फोटोतल्या लोकांना घेऊ द्यायच्या आणि मैदानातल्या आपण मागून गुपचूप उचलायच्या.

त्यातलं गुपचूप तेवढं त्यांना जमत नसे. आठवडाभर आधीच चहा पिता पिता ते बोलून जात, "त्या आडव्या बांध्याच्या पोट्टीले पाहा, बॉल कसा चिपकून राह्यते." की दुर्गेशने ती घेतलीच म्हणून समजा. भैयाजी शोधायचे आणि दुर्गेश उजळायचा, असं तीनांतली दोन वर्षं चाललं.

येत्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. त्या पेटीवर आपलं नाव लागायची ही शेवटची संधी, हे त्यांच्या मनाने चांगलंच घेतलं होतं. म्हणून त्यांनी या वर्षी ठरवलं, मशीनच्या खोलीतला चेहरा चहाच्या खोलीत आणायचा. दिवाळीपासून त्यांनी फुटबॉलवर चकार शब्द काढला नाही. गेल्या वर्षी शेवटी आलेल्या संघात दीपमाला नावाची एक डावी बॅक होती, तिचे कॉर्नर थेट पोरींच्या डोक्यावर पडत. संघ तळाला, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि सिंधूताईंना ती कुहीची आहे हे अजून ठाऊक नव्हतं. भैयाजींनी तिचं नाव रंभाबाईंनासुद्धा सांगितलं नाही.

आणि ड्राफ्टच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मशीनच्या टेबलावर रोशनी येऊन झोपली.

रोशनी मेश्राम ही कन्हान चषकाची राणी. गेल्या वर्षी अकरा गोल. कामठीच्या बसस्टॉपवर तिचा बॅनर होता, त्यात तिचा पाय तिच्या डोक्याहून मोठा दिसे. बारा दिवसांपूर्वी सरावात वळताना तिचा उजवा गुडघा मुरडला होता. सूज उतरली होती, पण जिना उतरताना गुडघा मधूनच निसटल्यासारखा व्हायचा. रविवारी पहिल्याच सामन्याला बाहेरगावच्या एका मोठ्या क्लबची माणसं निवडीसाठी येणार होती.

पंचवीस मिनिटं मशीन ठकठक करत राहिलं. काचेपलीकडे पडद्यावर एकेक चित्र उमटत गेलं. भैयाजी डॉक्टर नव्हते. पण एकतीस वर्षं गुडघे बघितल्यावर दोन हाडं बांधणारी जी दोरी ताणलेली दिसायला हवी ती दिसत नाही, एवढं डॉक्टर नसलेल्यालाही कळतं. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मग त्यांनी चेहरा पुसल्यासारखा कोरा केला आणि दार उघडलं.

"काका, काय दिसलं?"

"रिपोर्ट डॉक्टर मॅडम सांगतील."

"रविवारी खेळू ना मी?"

"मॅडम सांगतील वं. उद्या संध्याकाळी काउंटरवरून रिपोर्ट घे अन् मॅडमले भेट."

ती चपला घालून गेली. काउंटरवर भूमिका होती, दारात देवाजी होते, जिन्यावर सिंधूताई होत्या. रोशनी गुडघा दाखवायला आली हे केंद्रातल्या भिंतींनासुद्धा कळलं. आत काय दिसलं, ते मात्र दोघांनाच ठाऊक होतं, मॅडमना आणि भैयाजींना.

शुक्रवारी दुपारी डबे बाजूला सरले आणि चिठ्ठ्या निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा भैयाजींच्या चिठ्ठीवर एक आकडा आला.

एरवी ते नाचले असते. पण चार जोड्या डोळे त्यांच्या तोंडावर येऊन बसले. रोशनीचा फोटो काढणारा माणूस पहिली निवड करणार होता. भैयाजींच्या मनात उन्नती होती, कन्हानच्या संघाची गोलकीपर, पक्की मैदानातली. तोंड उघडून 'उन्नती' एवढंच म्हणायचं. पण ते म्हटलं की पुढच्या क्षणी दुर्गेशला कळणार, भूमिकेला कळणार, चारच्या ऑटोने ती बातमी कामठीत उतरणार. आणि त्या पोरीला आपल्या गुडघ्याचं काय झालं ते मैदानातल्या टवाळ पोरांकडून कळणार, डॉक्टरांच्या आधी. मॅडमचा नियम राहिला बाजूला, एकतीस वर्षांत भैयाजींच्या तोंडून कुणाचं हाड फुटलं नव्हतं.

"बोला ना गा भैयाजी," देवाजी म्हणाले.

"रोशनी मेश्राम," भैयाजी म्हणाले. हसूनच म्हणाले.

दुर्गेशने डोक्याला हात लावला. "म्हणजे गुडघा एकदम टकाटक आहे. मले वाटलंच होतं."

"मी गुडघ्याबद्दल काही बोललो का?"

"तुमाले बोलाची गरजच काय?"

सगळे हसले. भैयाजीही हसले आणि पेटीवरच्या आपल्या नावावर त्यांनी मनातल्या मनात पाणी सोडलं. उन्नतीला दुर्गेशने लगेच उचललं. फिरून पाळी आली तेव्हा त्यांनी दीपमालाचं नाव घेतलं, तर देवाजींनी विचारलं, "हे कोण? हिचा तं बॅनरच नाही." भैयाजी डबा आवरायला लागले. मात्र पाठीचा कणा ताठ होता. गुपित पोटात राहिलं, आपण भारी काम केलं, असं त्यांना वाटत होतं.

हे वाटणं शनिवारी अकरापर्यंत टिकलं.

"भैयाजी काका," भूमिका काउंटरवरून म्हणाली, "रोशनीचा रिपोर्ट पडूनच आहे. काल आली नाही म्हणून आता फोन केला मी, तं म्हणते सोमवारी नेईन, उद्या मॅच आहे."

"काहून? पाहून नाही घेत का आधी?"

"मी तिले कालच सांगतलं होतं ना, तुमी तिले पहिला नंबर देला म्हणून. कित्ती खूश झाली. म्हणे, काकांनी स्वतः पाहिला गुडघा अन् पहिला नंबर देला, मंग रिपोर्टमधे अजून काय राह्यते?"

तोंडाला भैयाजींनी कुलूप घातलं होतं, पण त्या निवडीने जे सांगितलं ते तोंडाने बोलण्यापेक्षा मोठ्याने ऐकू गेलं होतं, आणि तेही उलटं. ती पोरगी उद्या त्या गुडघ्यावर पळणार होती, क्लबच्या माणसांसमोर, सगळा जोर लावून. आजवर एकाही पेशंटला त्यांनी खरं सांगितलं नव्हतं, पण खोटंही सांगितलं नव्हतं. हे पहिलं.

ते तडक मॅडमच्या खोलीत गेले आणि चिठ्ठीपासून भूमिकेपर्यंत सगळं सांगून मोकळे झाले. मॅडमनी चष्मा काढला.

"भैयाजी, तुम्ही लोक फुटबॉलच्या टीममध्ये पेशंट घेता?"

"पेशंट नाही मॅडम. सेंटर फॉरवर्ड."

मॅडमना हसायचं की रागवायचं ते ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी फोन लावला. रोशनी उचलेना. दोनदा, तीनदा लावला. शनिवारी चारपर्यंत सराव असतो, फोन पिशवीत असतो, हे भैयाजींना माहीत होतं. "मी जातो," ते म्हणाले. "सांगत काही नाही. रिपोर्ट तिच्या हातात देतो, फोन लावून देतो, तुम्ही सांगा."

कामठीचा शेअर ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. त्या दिवशी तर तो माणसागणिक थांबत होता. भैयाजी रिपोर्टचं पाकीट छातीशी धरून बसले होते. पाकीट बंद होतं, आणि ते बंदच राहायला हवं होतं.

रोशनी मैदानाच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. भैयाजींना पाहून तिचं तोंड उजळलं.

"काका, तुमी? मले पाहाले आले?"

"नाडी सोड आधी," भैयाजी म्हणाले आणि तिच्याजवळ गवतावर बसले. धाप लागली होती. "ऐक. मी तुले पहिला नंबर देला ना, तो गुडघा पाहून नाही देला. तोंड बंद ठेवाले देला. तुले नसतं घेतलं तं साऱ्या गावानं तुया गुडघ्याच्या गोष्टी केल्या असत्या. चुकलंच माह्यं. मले वाटलं नाही तू त्याचा असा अर्थ लावशील."

रोशनीचे हात नाडीवरच थांबले. "म्हणजे गुडघा खराब आहे."

"ते मी नाही सांगत. मॅडम सांगतील. घे, बोल."

त्यांनी फोन लावून तिच्या हाती दिला आणि तोंड फिरवून गोलपोस्टकडे बघत बसले. मॅडम बराच वेळ बोलत होत्या. रोशनी आधी "पण" म्हणत होती, मग "हौ" म्हणायला लागली. फोन परत देताना तिचे डोळे भरले होते. ऑपरेशन, आणि मग पुढच्या हंगामापर्यंत मैदान नाही. भैयाजींनी खिशातून संत्रागोळी काढून पुढे केली, जशी ते मशीनला घाबरणाऱ्या लहान पोरांना देत. तिने ती घेतली.

"मागच्या वर्षी अकरा गोल मारले तवा तुमी मले घेतलं नाही," नाक ओढत ती म्हणाली. "अन् मोडकी झाली तं पहिला नंबर?"

"मागच्या वर्षी माह्यी पाळी चौथी होती वं पोट्टी. तुले दुर्गेशनं पळवलं."

ती रडता रडता हसली. ते हसू बघून भैयाजींचा जीव भांड्यात पडला.

रविवारी तिने आपल्या तोंडानेच मैदानावर सगळ्यांना सांगितलं. लीगच्या नियमाप्रमाणे जखमी मुलगी बदलून घेता येत होती. दुर्गेशने स्वतः तसं सुचवलं, कारण गुपिताची गोष्ट कळल्यावर त्याला थोडी लाज वाटली होती. भैयाजी म्हणाले, "नंबर देला तं देला." सात रविवार रोशनीच्या नावापुढे भूमिकेने शून्य मांडलं.

आणि सात रविवार रोशनी त्यांच्याशेजारी बसून सामने बघत होती, आधी पट्टा बांधून, ऑपरेशननंतर कुबड्या घेऊन. एका जागी बसून खेळ बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. भैयाजी तिला दाखवत, ती बघ, बॉल नसताना कशी पळते, ती मैदानातली. आणि ही बघ, तीन जणींत अडकली तरी पास देत नाही, ही फोटोतली.

"मंग मी कोणती, काका?" तिने एकदा विचारलं.

भैयाजींचा चेहरा कोरा झाला. "मॅडम सांगतील."

उन्नतीच्या जिवावर दुर्गेश पुन्हा उजळला. पण दीपमालाच्या कॉर्नरवर नऊ गोल झाले आणि चार मुलींनिशी भैयाजी दोन गुणांनी वाचून चौथे आले. पाचवे आले देवाजी. त्यांच्या पाचही मुली बॅनरवर झकास दिसत होत्या. रंभाबाईंनी त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी उशिरापर्यंत झोप काढली आणि देवाजींच्या घरचे पोहे डब्यात मागवून खाल्ले, मीठ कमी म्हणाल्या. मार्चमध्ये निरोपाच्या दिवशी पेटीवर 'भैयाजी' अशी फिल्म लागली होती. संध्याकाळी दुर्गेशने ती काढून पुन्हा आपली लावली. नियम म्हणजे नियम, यावर भैयाजींचंही काही म्हणणं नव्हतं.

पुढच्या नोव्हेंबरात ड्राफ्टला त्यांना खास बोलावलं. यावेळी त्यांना पाचवी, शेवटची चिठ्ठी आली. रोशनी परत खेळणार होती, पण बॅनर उतरला होता, क्लबची माणसं दुसऱ्याच मुलीला घेऊन गेली होती, आणि ऑपरेशन झालेला गुडघा कोणालाच नको होता. दुर्गेशच्या मोबाइलने तिला यादीत तळाशी टाकलं होतं. पाचव्या पाळीपर्यंत तिचं नाव कोणी घेतलं नाही. शेवटच्या चिठ्ठीवर भैयाजींनी ते घेतलं, आणि यावेळी त्यांच्या तोंडावर काय लिहिलंय ते बघायला कोणी मान वर केली नाही.

रविवारी ती दुसऱ्या अर्ध्यात आत आली. पहिली दहा मिनिटं तिचा पाय बॉलपाशी जाऊन थबकत होता. भैयाजी उभेच होते, बसवेना. मग एक बॉल तिच्याकडे आला, समोर फक्त गोलकीपर. लोक ओरडले, मार. पूर्वीची रोशनी डोळे मिटून मारती. हिने मान वर केली, डावीकडून धावत येणारी पोरगी पाहिली आणि बॉल तिच्या पायावर नेऊन ठेवला. गोल झाला. भूमिकेने वहीत तीन गुण मांडले. भैयाजींनी डोळे पुसले आणि ऊन फार आहे म्हणाले.

सामना संपल्यावर ती घामाघूम होऊन सरळ त्यांच्याकडे आली. बाटलीतलं पाणी गुडघ्यावर ओतलं आणि विचारलं, "काका, काय दिसलं?"

एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांचा चेहरा कोरा व्हायला निघाला होता. मग त्यांना आठवलं की आता विचारणारी पेशंट नाही आणि आपणही मशीनवर नाही.

"बस इथं," ते म्हणाले. "सांगतो. गंज काही दिसलं. पहिले तं तू पास देला, हे दिसलं."

ती बसली, आणि भैयाजी अंधार पडेपर्यंत सांगत राहिले.